सकाळी नऊ ते अकरा

२५ जानेवारी १९५८

काल पोचलो बुवा! नागपूर मुंबई राज्यात गेलं अन् आमची बदली थेट समुद्रावर. काम मात्र मजेचं. इथली प्रेक्षणीय स्थळं अन् पायवाटा पाहून प्रवाशांसाठी पुस्तिका लिहायची. बायको पंचफुला सोबत आहे. कोष्टीपुऱ्यात मागावर बसणाऱ्या या बाईनं तलावापेक्षा मोठं पाणी पाहिलंच नव्हतं. लाटेले हात जोडून मोकळी झाली! आज दोघं कड्याखालच्या वाटेनं गुहेपर्यंत गेलो. नऊले उतरलो, अकराले परतलो, पाय कोरडे. टिपणात लिहिलं: सकाळी नऊ ते अकरा वाट मोकळी.

३ फेब्रुवारी

आठवडाभर वरच्या डोंगरवाटा मोजल्या. पंचफुलाले गुहा पुन्हा पाहायची आहे. उद्या नऊले तू पुढं हो, मी लिखाण आटोपून येतो म्हटलं. वेळ कागदावर लिहून देल्ली. घरमालकीण गोपिकाकाकू माहेरी गेल्या आहेत, नाहीतर त्याही गेल्या असत्या सोबत.

५ फेब्रुवारी

काल पंचफुला गेली. अकराच्या आधीच गुहा पाण्याखाली होती. मी कड्यावरून नुसता ओरडत राहिलो. काकू परतल्या, कपाळ बडवून म्हणाल्या, ओहोटी रोज पाऊण तास पुढं सरकते, इथं तिथी पाहून उतरतात, कुणाला विचारलं का नाहीत? काय विचारणार होतो! मले वाटलं, मिलच्या भोंग्यासारखी रोज त्याच वेळी येत असेल. मीच मारलं तिले.

६ फेब्रुवारी

नऊले कड्याखालून तिचा आवाज. अवो, नऊ वाजले, निघू का, म्हणे. मी नको नको ओरडलो. तर म्हणाली, तुम्हीच लिहून देल्लं ना. वाळूत पावलं उमटत गेली, गुहेकडं. ती दिसली नाही. मग पाणी चढलं— मग किंकाळी.

७ फेब्रुवारी

टिपण जाळलं. तरी नऊले— निघू का? काकूंनाही ऐकू येतं, त्यांनी दार लावून घेतलं. रोज मरून राहिली माझी पंचफुला, माझ्या एका ओळीपायी.

८ फेब्रुवारी

तिच्याआधी ही वही घेऊन गुहेत येऊन बसलो. आज तिले बाहेर काढतोच.

पावलं आली. माझ्यापुढं थांबली. हात धरू म्हटलं तर— काहीच नाही, नुसता गारवा. परत चाल म्हणतो, तर हलत नाही.

गुहेच्या तोंडाशी लाट. गुडघ्याशी पाणी—

विचारते, वाट मोकळी आहे ना? या खेपेले खरं सांगितलं. नाही गं, नाही.

रडून राहिली. म्हणते, मग तुम्ही काहून आ—