हरलो की उपास

वैशाली, गाझियाबाद
११ जानेवारी २०२६

प्रिय जयू,

सलोनीच्या विरुद्ध तू लिहिलेला तक्रार-अर्ज मिळाला. ऑफिसात छापून घेतला आणि दोन दिवस पर्समध्ये घालून हिंडले. कॅनडात जाऊन तुझं मराठी बिघडलं असेल, पण इंग्रजी भलतंच धारदार झालंय हो. बाबांना सांभाळणाऱ्या बाईने अक्षम्य हलगर्जी केली, ते घराबाहेर पडल्यावर तब्बल दोन तास कोणाला कळवलं नाही, सबब एजन्सीने तिला कामावरून काढावं आणि पोलिसांनी गुन्हा नोंदवावा. खाली माझ्या सहीला जागा सोडली आहेस. उद्या सोमवार, उद्याच ठाण्यात द्यायचा म्हणतोस. मी सही केलेली नाही. फोनवर सांगायला गेले तर तू मध्ये बोलशील, मग मी रडेन आणि मग तूच मला समजावत बसशील. ते मला नकोय. म्हणून हाताने लिहिते आहे. पानांचे फोटो पाठवीन. एका बैठकीत वाच.

तुझ्या आठवणीतले फुटबॉलवेडे बाबा म्हणजे ऑगस्ट २००७. आंबेडकर स्टेडियम, नेहरू कपची फायनल, समोर सीरिया. तू नऊ वर्षांचा, बाकावर उभा, बाबांनी कमरेला धरलेलं. मी एकोणीस वर्षांची, कॉलेजातलं कोणी बघत नाही ना, या काळजीत. आपण एका गोलने जिंकलो आणि बाबांनी शेजारच्या अनोळखी सरदारजींना मिठी मारली. आर. के. पुरमच्या क्वार्टरपर्यंत तू बसमध्ये ओरडत आलास. दुसऱ्या दिवशी ते सेक्शनमध्ये पेढे घेऊन गेले, तर साहेबांनी विचारलं, "कारखानीसजी, बेटे का रिझल्ट आया क्या?" फायनल होती हे तिथे कोणाला माहीतच नव्हतं. बाबांना त्याचं काही वाटायचं नाही. कोल्हापूरचा माणूस, शाळेत असताना तालमीच्या संघातून खेळलेला. ते म्हणायचे, जिंकणाऱ्याच्या मांडवात सगळेच जेवतात, हरणाऱ्याच्या घरी कोणीतरी जाऊन बसायला नको का?

तू पेढे पाहिलेस. उपास आईने आणि मी पाहिले. एकादशीला बाबा बिनदिक्कत कांदाभजी खायचे, पण इंडिया हरली की त्या रात्री जेवण नाही. निर्जळी नाही, पाणी प्यायचे, पण अन्नाला हात लावायचा नाही म्हणजे नाही. आई वैतागायची. "देवाच्या उपासाला निदान कॅलेंडर तरी असतं, तुमच्या टीमचा काही नेम आहे का?" म्हणायची आणि त्यांच्या वाटच्या पोळ्या सकाळी फोडणीला टाकायची. तू लहान होतास, तुला वाटायचं बाबांना फोडणीची पोळी आवडते.

आई गेली, मग तू गेलास. मग बाबांच्या डोळ्यांत साखर उतरली. समोरचा माणूस दिसायचा, पेपर दिसायचा नाही. टीव्हीवर नुसतं हिरवं हलतंय एवढंच कळायचं. पाठोपाठ विसरणं आलं. जुनं सगळं लख्ख, सकाळचं मात्र दुपारी पुसलेलं. आणि इन्सुलिन सुरू झालं. तुला डॉक्टरांनी फोनवर समजावलं होतं, आठवतंय? इंजेक्शन दिलं की अर्ध्या तासात पोटात जेवण गेलं पाहिजे, नाहीतर साखर इतकी खाली जाते की माणूस हातचा जातो.

मार्च २०२४ मध्ये गुवाहाटीला अफगाणिस्तानने आपल्याला हरवलं. आपल्याच मैदानावर, शेवटच्या मिनिटांत. मी इंजेक्शन देऊन ताट वाढून आणलं आणि बाबांनी ते बाजूला सारलं. मी समजावलं, ओरडले, आईची शपथ घातली. ते शांतपणे म्हणाले, "एवढंच तर करतो गं त्यांच्यासाठी." तासाभरात घामाने भिजले आणि मला ओळखेनात. तीन दिवस हॉस्पिटलमध्ये होते. तुला मी 'थोडी साखर कमी झाली होती' असं सांगितलं होतं. उपासाचं सांगितलं नाही, कारण तू हसला असतास आणि मला ते सहन झालं नसतं.

त्यानंतर मी ठरवलं की इंडिया आता हरणार नाही.

हसू नकोस. दुसरं काय करणार होते? जूनमध्ये कतारशी मॅच होती. आपण एका गोलने पुढे होतो. मग त्यांचा तो गोल झाला, चेंडू रेषेच्या बाहेर गेलेला सगळ्या जगाने पाहिला तरी पंचांनी दिला तो. मी बाबांच्या शेजारी बसून मोबाइलवर बघत त्यांना सांगत होते. टीव्ही मी बिघडला म्हणून आधीच बंद करून ठेवला होता. मी म्हटलं, "गोल रद्द, बाबा. चेंडू बाहेर गेला होता." पंचांना जे जमलं नाही ते मी केलं. पुढचा गोल तर मी होऊच दिला नाही. बाबांनी दोन पोळ्या खाल्ल्या, वर दहीभात मागितला. मी ओट्यापाशी जाऊन रडले, पण खरं सांगू? मजाही वाटली.

मग ते अंगवळणीच पडलं. ऑफसाइड म्हणजे काय हे ज्या बाईला छत्तिसाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं, ती कॉमेंट्री करायला लागली. हाँगकाँगला शेवटच्या मिनिटाला पेनल्टी मिळाली, ती मी आपल्या गोलकीपरला अडवायला लावली. मडगावला सिंगापूरने दोन गोल केले, ते मी गिळले. नोव्हेंबरात ढाक्याला बांगलादेशकडून हरलो, बावीस वर्षांत पहिल्यांदा, तर मी दोन-शून्यने जिंकवलं. बाहेर लोक या टीमला शिव्या घालत होते, आणि वैशालीच्या चौथ्या मजल्यावर ती एशियन कपमध्ये दाखल झाली होती. बाबा मला म्हणाले, "संपदा, मी बघेन असं वाटलं नव्हतं गं." गेल्या दोन वर्षांत या घरात ज्या काही आनंदाच्या संध्याकाळी झाल्या, त्या एवढ्याच. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा विचारायचे, काल काय झालं? मी पुन्हा जिंकवायचे. सलोनीलाही मी पढवून ठेवलं होतं. ती मधुबनीची, तिला फुटबॉलचं ओ की ठो कळत नाही. पण "बाबूजी, अपन जीत गए ना, अब खा लो" असं इतक्या झोकात म्हणायची की मलाच क्षणभर खरं वाटायचं. मात्र एकदा ती मला म्हणाली होती, "दीदी, इतना झूठ अच्छा नहीं, बाबूजी सब सच मानते हैं." मी तिला म्हटलं, तू तुझं काम कर.

इतकं जिंकल्यावर माणसाला मॅच बघावीशी वाटणारच की रे. एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही. नोव्हेंबरपासून त्यांनी धोशा लावला, एक मॅच प्रत्यक्ष बघायची. दिसत नाही तर नाही, ऐकेन म्हणाले, लोकांचा आवाज तरी ऐकेन. आणि डिसेंबरात ते आंघोळीला नको म्हणायला लागले, सुईला नको म्हणायला लागले. धुरकं इतकं की खिडकी उघडायची सोय नाही. मी ऑफिसातून येऊन दमलेली. एका सकाळी चिडून बोलून गेले, "बाबा, नीट वागलात तर नेईन मॅचला. अठरा तारखेला आंबेडकरलाच आहे. तिकिटं काढलीयेत." कुठली मॅच आणि कुठली तिकिटं! आधीचं सगळं खोटं त्यांना जेवू घालण्यासाठी होतं, जयू. हे एक माझ्या सोयीसाठी होतं. मला वाटलं दुपारपर्यंत विसरतील. ते सगळं विसरत होते. हे विसरले नाहीत.

अठरा तारखेला सलोनीने साडेबाराला इंजेक्शन दिलं आणि ती जेवण गरम करायला आत गेली. बाबांनी जाकीट चढवलं आणि दार ओढून ते निघाले. इतक्या वर्षांच्या रस्त्याला डोळे लागत नाहीत. विचारत विचारत मेट्रोत बसले, मंडी हाउसला गाडी बदलली, दिल्ली गेटला उतरले. ज्या माणसाला संडासचं दार सापडत नव्हतं तो हे सगळं करून बरोबर आंबेडकर स्टेडियमच्या फाटकाशी पोचला. फाटक बंद. पुढचं तुला माहीत आहे. दुपारी फाटकावरचा गार्ड बदलला, नव्या गार्डला वाटलं म्हातारा उन्हात झोपलाय. साडेचारला कोणीतरी हलवून पाहिलं. हॉस्पिटलात नेलं तेव्हा साखर मोजायच्या यंत्रावर आकडासुद्धा येईना. दोन दिवसांनी बाबा गेले.

आता तुझ्या अर्जातले दोन तास. सलोनीने दोन तास कळवलं नाही हे तुला मी सांगितलं. ते खोटं आहे. बारा वाजून पन्नास मिनिटांनी तिचा पहिला फोन आला, मग दुसरा, मग तिसरा. मी कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आमच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होते. तिन्ही वेळा कापला. तिचे फोन नेहमी दूध संपलं, गॅस संपला असे असायचे. ती बिचारी चपला न घालता खाली धावली, सोसायटीच्या वॉचमनला घेऊन सगळे ब्लॉक पालथे घातले, मेट्रो स्टेशनपर्यंत जाऊन आली. आणि तू तेराव्याला सगळ्यांसमोर तिला बोललास, तेव्हा ती माझ्याकडे बघत उभी राहिली आणि मी खाली मान घालून केळीची पानं पुसत राहिले. एजन्सीने तिला घरी बसवलंय. तिची मुलगी दहावीला आहे. अर्ज मी फाडला आहे. एजन्सीत उद्या मी स्वतः जाऊन खरं काय ते लिहून देणार आहे. तुला पटो न पटो.

पण एवढंच असतं तर मी फोनवर सांगितलं असतं, तुझ्या शिव्या ऐकल्या असत्या. पत्र लिहिलं ते चौथ्या फोनसाठी. एक वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी अनोळखी नंबरवरून आला. सलोनीकडे दोन सिम, मला वाटलं तिचाच दुसरा नंबर. बाहेर जाऊन चिडूनच घेतला, तर बाबा. "संपदा, मी पोचलो गं. फाटक बंद आहे, माणसं नाहीत. मॅच इथेच ना?" मागे गाड्यांचे आवाज येत होते. ते मी ऐकले. मला वाटलं बाल्कनीत उभे राहून बरळतायत, सलोनीने त्यांना गप्प करायला फोन लावून दिलाय. आत मीटिंग खोळंबली होती. मी रोजच्यासारखं, रोजच्याच आवाजात म्हटलं, "हो बाबा, तिथेच. तुम्ही तिथेच थांबा, कुठे हलू नका. मी तिकिटं घेऊन येते." आणि फोन बंद करून ठेवला. तीनला उघडला, सलोनीचं ऐकलं आणि थेट वैशालीला धावले; त्या बंद फाटकाचा अर्थ मला लागला तोवर साडेचार वाजून गेले होते. त्या कॉलबद्दल मी पोलिसांना सांगितलं नाही, तुलाही नाही. तू परत गेल्यावर त्या नंबरवर मी फोन केला. तो पहिल्या पाळीच्या गार्डचा निघाला, श्याम नाव त्याचं. त्याने बाबांना चहा-बिस्किटं देऊ केली होती, तर म्हणाले, बेटी आली की बरोबर खाऊ. दोनला त्याची ड्यूटी संपली तेव्हा तो त्यांना ऑटोत बसवून घरी धाडणार होता. भला माणूस, भाडंही स्वतः देणार होता. बाबा त्याला म्हणाले, "नहीं भाई, बेटी ने बोला है यहीं रुकना. टिकट उसी के पास हैं." माझं ऑफिस तिथून ऑटोने दहा मिनिटांवर आहे. मी थांबा म्हटलं, जयू, म्हणून ते थांबले.

तुझीच,
ताई