सोसायटीचा फुलपाखरू क्लब

२ ऑगस्ट, रविवार
आजपासून रोजनिशी. आयुष्याला शिस्त हवी.
बायको पिल्लूला घेऊन आपल्या बहिणीकडे राहायला गेली आहे. तात्पुरती. जाताना फ्रिजही नेला. बहिणीकडे फ्रिज आहे, पण असो.
पिल्लू नऊ वर्षांची. दर रविवारी माझ्याकडे येते आणि मोबाइल बघत बसते. आज मात्र सोसायटीच्या मागच्या लिंबाच्या झाडापाशी उकिडवी बसून राहिली. म्हणाली, बाबा, पानावर फुलपाखराची अंडी आहेत.
लगेच कल्पना सुचली. मुलांसाठी फुलपाखरू क्लब! पिल्लू आवडीने येईल. तिला न्यायला तिची आई येईल. आई बघेल. पुढचं आपोआप होईल.

६ ऑगस्ट, गुरुवार
नोटीस बोर्डावर सूचना लावली. ‘अनुभवातून शिक्षण.’ ऑफिसात नव्या लोकांना ट्रेनिंग मीच देतो, मग मुलं म्हणजे किस झाड की पत्ती! स्लाइड्स तयार केल्या. अजून प्रस्तावनाच चालू आहे.

८ ऑगस्ट, शनिवार
उद्या पहिला वर्ग. झाडाची अवस्था बघवेना. पानापानावर पक्ष्यांची घाण. ओलं फडकं घेऊन एकेक पान पुसून काढलं. कंबर धरली, पण झाड कसं लखलखतंय. पिल्लू खूश होणार.

९ ऑगस्ट, रविवार
ती पक्ष्यांची घाण नव्हती.
पिल्लू म्हणाली, लहानपणी अळ्या तशाच दिसतात, पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून. सगळ्या मुलांसमोर म्हणाली, पण हळू आवाजात. ओरडली असती तर बरं झालं असतं. डॉक्टरीणबाईंचे जुळे रडायलाच लागले. स्लाइड्स राहून गेल्या.
मग पिल्लूनेच सगळ्यांना कामाला लावलं. पान न पान उलटून बघायला सांगितलं. एका चष्मेवाल्या मुलीला एक अळी सापडली. एकच. तळमजल्यावरच्या शिवणकामवाल्या काकूंनी डब्याला मच्छरदाणीचं झाकण शिवून दिलं. रोज ताजी पानं कोणी आणायची, यावरून मुलांची भांडणंही झाली.
एकंदरीत वर्ग यशस्वी.

१६ ऑगस्ट, रविवार
अळी आता हिरवीगार, गुबगुबीत. पिल्लू शिकवते: आधी हात धुवा. अळीला चिमटीत धरू नका, समोर पान धरा, ती आपली आपण चढते. जुळे तिला गुड नाइट म्हणतात म्हणे. मी मागे उभं राहून मार्गदर्शन केलं. कोणी ऐकलं नाही, पण मार्गदर्शनाचा परिणाम हळूहळूच होतो.
संध्याकाळी बायको न्यायला आली. गेटच्या आत आली! डब्याशी वाकली. पिल्लूने काहीतरी सांगितलं, तशी हसली. माझ्याकडे बघून नव्हे, पण मी होतो त्याच दिशेला.

२२ ऑगस्ट, शनिवार
अळीचा कोष झाला. मुलं डब्याजवळ कुजबुजत बोलतात.
बायकोचा फोन. तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. पिल्लूची शाळाही ठरली. पुढच्या रविवारी सकाळी निघणार. जाताना पिल्लूला कोष बघायचाय, म्हणून थोडा वेळ थांबतील. म्हणाली, ‘तू फक्त तिथे अस. बाकी काही करू नकोस.’
म्हणजे थांबायची इच्छा आहे. माणूस उगीच वाट वाकडी करून येत नाही.
भाषण लिहायला घेतलं. आधी तिचे आभार, मग सगळ्यांदेखत माफी. एवढं ऐकल्यावर गाडी कोण पकडतं? आवाज गेटपर्यंत पोचला पाहिजे. स्पीकर सांगितला.

३० ऑगस्ट, रविवार, सकाळ
भाषण पाठ. शर्टाला इस्त्री केली. स्पीकर आणायला निघतो. डब्यात डोकवायला सवड नाही.

३० ऑगस्ट, दुपार
स्पीकरवाल्याचं दुकान बंद. तो आला, तर वायर सापडेना. मोबाइल घरी राहिलेला. टॅक्सीत स्पीकर मांडीवर घेऊन आलो.
मुलं पांगली होती. काकू डबा धूत होत्या. म्हणाल्या, फुलपाखरू सकाळीच बाहेर आलं. पिल्लूने ते बोटावर घेतलं. पंख वाळेपर्यंत एकही मूल जागचं हललं नाही. मग उडालं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पिल्लू मात्र गेटपाशी जाऊन उभी राहिली. बायको म्हणाली, नंतरच्या गाडीनेही जाता येईल. मग त्या गाडीचीही वेळ झाली.
विचारलं, माझ्यासाठी काही निरोप?
काकू म्हणाल्या, ‘आधी तो स्पीकर खाली ठेवा.’

३० ऑगस्ट, संध्याकाळ
पिल्लूचा गाडीतून फोन. ‘बाबा, तू आलाच नाहीस?’
म्हटलं, ‘आलो होतो की! सगळ्यांच्या मागे उभा होतो. मुलांच्या गर्दीत तुला दिसलो नसेन.’
‘मग कुठल्या रंगाचं होतं?’
‘पिवळं.’
मग म्हणाली, ‘हो बाबा. पिवळंच होतं.’
खाली जाऊन काकूंना विचारलं.
काळं होतं, म्हणाल्या. काळ्यावर पांढरट ठिपके.