आत्याबाईंची गाठ

मंगळवार, दिवेलागण

आज मुरघासाची, म्हणजे गाईसाठी मुरवत ठेवलेल्या चाऱ्याची पिशवी सोडली, तर वरचा थर बुरशीनं पांढरा. दीड महिना वाट पाहिली होती! मक्याची कुट्टी मीच तुडवून भरली होती, हवा शिरू नये म्हणून तोंड सुतळीनं आवळलं होतं. मग बुरशी आली कुठून? आता आठवतंय, सोडताना गाठच वेगळी लागली. दुहेरी, घट्ट. सासूबाई गाईचं दावं बांधतात तशी.

तरातरा सासूबाईंकडे गेले. "आत्याबाई, पिशवी तुमी सोडली हुती?"

"व्हय, दर आठ दिवसाला. आंबूस वास येत हुता गं. आंबलेलं गाईला कसं घालायचं?"

"अवो, ते आंबवायचंच असतंय! हवा लागली की नासतं."

"मला काय ठावं? म्हनून मी आधी चिमूटभर खाऊन बघायचे. मला सोसलं तर तिलाबी सोसंल."

मला एवढं ओरडायची काय गरज होती? त्यांना धड दिसत नाही, बुरशी कुठून दिसणार? आणि चघळायला उरलेत चार दात!

बुरशीचा थर खड्ड्यात टाकला. खालचा माल चांगला निघाला, पिवळसर. गाईनं गव्हाण चाटून पुसून साफ केली. आत्याबाई तिच्या तोंडाकडेच बघत होत्या. पिशवी बांधायला सुतळी त्यांच्याच हातात दिली. तीच दुहेरी गाठ.

त्या गाठ मारत होत्या तेव्हा मी गुपचूप चिमूटभर तोंडात टाकलं. इतकं आंबट, की घशाखाली उतरेना.