भिंतीवरचा यहूदा

प्रिय दादा,

प्रभू येशूला दगा देऊन पकडून देणाऱ्या यहूदाचं चित्र काढताना माझ्या हाताला तुझाच चेहरा का सुचला, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

चर्चच्या भिंतीवर प्रभूचं शेवटचं भोजन रंगवायचं काम मला, तू पैसे भरून शिकवलेल्या घरातल्या पहिल्या पदवीधर मुलीला, मिळालं, म्हणून आई हरखली होती. मी रोज प्रार्थना करून ब्रश उचलायचे. मग डोळ्यांपुढे येईल ते देवानेच दाखवलेलं, अशी माझी श्रद्धा होती.

तुझ्या कारखान्यातल्या संपाच्या वेळी संपवाल्यांची नावं मालकाला तू दिलीस, अशी कुजबुज होतीच. खरंखोटं कुणालाच ठाऊक नव्हतं, मलाही नाही.

रविवारी भिंतीवरचा पडदा काढला. शेजारच्या मावशी हसून म्हणाल्या, "अगं बाई, हा तर तुमचा थोरला!" बाकी कुणीच हसलं नाही. सोमवारी यहूदाचे डोळे कुणीतरी खिळ्याने खरवडले होते. काल संपात नोकरी गेलेले दोघे दारात आले.

"सख्ख्या बहिणीनेच दाखवलंय. आता आणखी पुरावा कसला हवा?" एक म्हणाला. दुसऱ्याने आईला गोडीत विचारलं, "काकू, थोरला शनिवारीच येतोय ना?" आईने भाबडेपणाने हो म्हटलं.

फोनवर मी तुला नुसतं 'येऊ नकोस' म्हणाले. कारण सांगायची हिंमत झाली नाही. तू हसलास. "वेडी आहेस का? तुझं चित्र बघायलाच येतोय."

हे पत्रही मी टाकणार नाही. पण आज सकाळी, प्रार्थनेला जमलेल्या सगळ्यांच्या देखत, मी शिडीवर चढले, तुझा चेहरा रंगाखाली बुजवला आणि आरशात बघून तिथे माझा काढला.

तुझी,
धाकटी