निरोगी गटातली नळी

ता. ९, मंगळवार

प्रिय धाकट्या,

पत्र पाहून दचकू नकोस. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. पत्राला मधेच तोडता येत नाही. आमच्याकडे रस्ता पुन्हा खणलाय. प्रयोगशाळेतला पंखा अजून कुरकुरतो.

मी काम काय करते हे तू विचारतोस आणि उत्तर ऐकत नाहीस. आता ऐक. शरीरातल्या पेशी रक्तात इवल्याशा पुड्या सोडतात. पुडीवर पाठवणाऱ्या पेशीची खूण, आत निरोप. काही निरोप डागडुजीचे असतात. काही मात्र धमनीच्या भिंतीला चिथावतात; तिथे सूज येते, चरबी साचते, वाट अरुंद होते. वर्षानुवर्षं. माणूस मात्र जिने चढत, वाद घालत हिंडतो. शरीर ओरडत नाही म्हणजे सगळं ठीक, असं मानणाऱ्यांचा मला संताप येतो. गप्प बसणं म्हणजे खुशाली नव्हे!

रुग्णांच्या रक्ताशी ताडून पाहायला निरोगी रक्त लागतं. ते आम्ही प्रयोगशाळेतलेच लोक देतो. यंदा निरोगी गटातल्या एका नळीत पुड्यांचा नुसता पूर. नळी जोरात हलली तरी असा घोळ होतो, म्हणून मी रक्त काढणाऱ्या सिस्टरवर तुटून पडले.

"मॅडम, तान्हं बाळ आणावं तशी आणलीय."

"मग हे बाळ एवढं रडतंय का?"

"ते आता ज्यांचं त्यांनीच बघावं," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

रक्त पुन्हा काढलं. नळी मीच हळूच नेली. तेच. नुसत्या पुड्यांवरून निदान करण्याइतकं आम्हाला अजून कळत नाही, म्हणून रीतसर तपासणी झाली. हृदयाच्या दोन धमन्या बऱ्याच अरुंद निघाल्या.

नळी माझी होती.

शस्त्रक्रिया सोमवारी. डॉक्टर चांगले आहेत, माझ्याशी वाद घालतात.

बाबा जिन्यात टेकले ते उठलेच नाहीत. तेव्हा तू म्हणालास, "ताई, सकाळी तर हसत होते गं." परवापर्यंत मीही हसत होते. तू आजही हसत असशील, 'तुझं भाषण सुरू झालं की माझं रक्त गोठतं' म्हणत. गोठू दे. पण त्याआधी तपासून घे.

मला भेटायला आलास तर फळं नकोत. तुझा अहवाल आण. रिकाम्या हाताने आलास तर दारातूनच परत पाठवीन.

निरोगी गटातून नाव कमी झालेली,
तुझी ताई