तुम्ही भरून ठेवलेलं पाणी

अकोला, वैशाख

तीर्थरूप वहिनीस, धाकट्या दिराचा नमस्कार.

शेजारचे नारोपंत आज सकाळी गेले. तिकडे भेटले तर आधी बसायला द्या, गुडघ्यांनी फार छळलं होतं त्यांना. त्यांच्या सुनेनं पहाटेच घरातले सगळे रांजण भरून ठेवले होते. आता त्यांचा मुलगा वामन आमच्या ओट्यावर उभा आहे. विचारतो, "काका, घरात मृत्यू झाला. भरलेलं पाणी ओतून टाकायचं ना?"

"पोथी बघून सांगतो," म्हणून मी आत आलो. पोथी फडक्यात बांधलेलीच आहे, वहिनी. मी तुम्हाला लिहितो आहे. कारण गेल्या वैशाखात हाच प्रश्न आपल्या घरात होता, आणि तेव्हा मला पोथी बघायचीसुद्धा गरज वाटली नव्हती.

काय हंगाम होता तो! साता समुद्रापलीकडे कुठेशी लढाई जुंपली आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. गावात माणसांपेक्षा बैल जास्त झाले. गोड्या पाण्याची विहीर एकच. बाकीच्या खाऱ्या, डाळ शिजू न देणाऱ्या. गाडीवान तीच गोडी विहीर उपसू लागले, तेव्हा तुम्ही मला समजूत घालायला पाठवलंत. मी जलदानाच्या थोरवीचे चार श्लोक म्हटले. एक गाडीवान हात जोडून म्हणाला, "महाराज, माह्या बैलाले संस्कृत समजत नाही."

घरी येऊन सांगितलं तर तुम्ही तोंडाला पदर लावून हसलात. "त्याईले खाऱ्या विहिरीपाशी हौद बांधून द्या म्हणा, भाऊजी. बैल खारं पिते, लेकरू पीत नाही." हौद झाला, गोडी विहीर वाचली. श्रेय गावानं मला दिलं. मी ते घेतलं, हे आज कबूल करतो.

आणि मी मात्र सोयऱ्याधायऱ्यांत सांगत फिरायचो की आमची वहिनी पाण्याची कंजूष! भांडी आधी राखेनं कोरडी घासायची, तांदळाचं धुवण गाईला, आंघोळीचं पाणी पन्हळीतून अळूला. लिंबोणीच्या रोपाजवळ तुम्ही बुडाला भोक पाडलेलं मडकं पुरलंत, भोकात चिंधीची वात. मी विचारलं, "हे कोणत्या देवाचं?" म्हणालात, "झाडाच्या मुळ्याईचं. वरतून ओतलं का ऊनच पिऊन टाकते." पाय धुवायला मी तिसरा तांब्या घेतला की स्वयंपाकघरातून यायचं, "तुमचे पाय हायेत का हत्तीचे?"

त्या शेवटच्या संध्याकाळी अंगात ताप होता, तरी तुम्ही घागरी, रांजण, हंडा, सगळं भरलंत, वर फडकी बांधलीत. "उद्या विहिरीवर गर्दी राहीन," एवढंच म्हणालात. सकाळी तुम्ही नव्हतात.

आणि मी, ज्याला आपद्धर्म तोंडपाठ, त्याला तो त्या सकाळी आठवला नाही. दारात उभं राहून म्हणालो, "सगळं ओता." दादा खांबाला टेकून बघत होता. शेवटची घागर उपडी झाली, तेव्हा उठून आत गेला. वहिनी, तुमच्या हातचं या घरात तेवढंच उरलं होतं. मला कसं सुचलं नाही?

स्मशानातून परतलो तर तुमची यमू पाणी मागत होती. घरात थेंब नाही, गोडी विहीर गर्दीनं उपसून तळाला गाळ. शेवटी सखू माळणीनं मळ्यातून घागर आणली आणि कमरेवर हात ठेवून मला विचारलं, "शास्त्रीबुवा, भरलेलं पाणी कावून सांडलं? पोरीपुरतं तं ठेवाचं!" यमू प्याली. मग मीही प्यालो. घरचं पाणी विटाळलं म्हणून ओतणारा मी, माळणीच्या हातचं घटाघटा प्यालो! तिनं ते कुणाला सांगितलं नाही. मी तर नाहीच नाही.

एक तक्रार आहे, रागावू नका. जन्मभर मला टोकलंत, मग "मी गेल्यावर पाणी ओतू नका" एवढं एकदा बजावून ठेवता आलं नाही? साऱ्या अकोल्यात फक्त तुमच्यापुढे माझं काही चालत नसे.

वामन बाहेर खोकतो आहे. त्याला काय सांगायचं, ते लिहिता लिहिता ठरलं. सांगेन, पाणी ओतू नका. प्यायला मन धजत नसेल तर गुरांना पाजा, सखूच्या वांग्यांना घाला. कुणी शास्त्र काढलंच, तर त्या रांजणातला पहिला पेला सगळ्यांसमोर मी पिईन. पंक्तीतून उठवतील कदाचित. उठवोत. पण वचन देतो, वहिनी, या आळीत माझ्या तोंडून पुन्हा "ओता" निघणार नाही. माझ्या स्वतःच्या मरणाच्या दिवसासाठीही दादाला तसं लिहून ठेवतो.

भिंतीपलीकडे रांजण सरकवल्याचा आवाज आला. उठतो.

आपला,
भाऊजी