तुझा गणपती माझ्या होडीत तीन वेळा उलटला, त्याबद्दल

डोंबिवली (पूर्व), बुधवार, दि. १० सप्टेंबर २०२५, सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये जुन्या टूथब्रशने होडीच्या सांध्यांतली शाडूची माती काढत होतो, ते काम अर्धं टाकून लिहायला बसलो आहे. (माती फेकत नाही. आई ती तुळशीत घालते.)

तीर्थरूप सरोजआत्या,

तुला वाकून नमस्कार. (आई म्हणते, पत्रात आत्याला ‘तुम्ही’ लिहावं. तसं लिहून पाहिलं, पण ते मेंटेनन्सच्या नोटिशीसारखं वाटायला लागलं, म्हणून फाडलं.) गुडघ्याचं ऑपरेशन चांगलं झालं आणि आता तू काठीशिवाय घरातल्या घरात फिरतेस हे आईकडून समजलं. नाशिकची हवा मानवते ना? लेकीच्या घरचा जिना मात्र चढू नकोस. क्षिप्राताईला नमस्कार. आमच्याकडे सगळं ठीक आहे. आईची ॲसिडिटी कमी आहे. पप्पांची तब्येत उत्तम आहे. ते माझ्याशी आईमार्फत बोलतात, एवढंच.

फोन करायचा सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोन केला तर पप्पा समोरच्या खुर्चीत असतात आणि पेपर वाचायचं नाटक करतात. व्हॉट्सॲपवर पाठवावं तर तुझा मोबाईल आधी क्षिप्राताई बघते आणि मग ते सगळ्या घराच्या ग्रुपवर जातं. (तिला राग येऊ नये. माझा दहावीचा निकाल तिने असाच टाकला होता.) म्हणून पत्र.

तुझ्या कानावर असं आलं आहे की, प्रीतमने तुझा गणपती उलटा करून बुडवला. तेव्हापासून तू आईशी बोलतेस आणि माझं नाव निघालं की फोन ठेवतेस. आत्या, तू ऐकलंस ते खरं आहे, पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं सांगायचं तर थोडं मागून सुरुवात करावी लागेल.

तुला माहीत आहे, तुझ्या बाळकुमच्या घराजवळच्या शेडमध्ये मी राफ्टिंगच्या बोटींना ठिगळं लावतो. त्याच लोकांचा कोलाडकडे नदीवर कॅम्प आहे. तिथे मोठ्या रबरी बोटींच्या पुढे एक माणूस छोट्या होडीतून जातो आणि जे पर्यटक पाण्यात पडतात त्यांना गोळा करतो. ती जागा मला मिळण्यासारखी आहे, कायमची, राहण्या-जेवणासकट. होडी वरून उघडी आणि एकट्यापुरती असते. आत गुडघे टेकून बसायचं, मांड्यांवरून पट्टे घ्यायचे, हातात वल्हं एकच. पुढे-मागे हवेच्या पिशव्या बांधलेल्या, म्हणजे पाणी भरलं तरी ती बुडत नाही. नोकरीसाठी परीक्षा एकच आहे, २८ तारखेच्या रविवारी. होडी उलटली की बाहेर पडायचं नाही. आतल्या आत, पाण्याखालून, वल्ह्याच्या आणि कमरेच्या जोरावर होडीसकट सरळ वर यायचं. आता हे शिकायचं तर आधी उलटावं लागतं, आणि इथेच आमच्या घरात भांडण सुरू झालं.

पप्पांचं म्हणणं, “लोक बोट सरळ ठेवायला शिकतात. आमचे चिरंजीव उलटी करायला शिकतात, तेसुद्धा टेम्पोचं भाडं भरून.” (भाडं खरं आहे. होडी बाळकुमहून आणताना शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये एका रिक्षावाल्याने विचारलं, “बॉस, बाथटब केवढ्याला पडला?” मी त्याला होडीची पूर्ण माहिती दिली. सिग्नल सुटला तरी तो ऐकत होता.) पप्पांनी माझ्यासाठी विठ्ठलवाडीला त्यांच्या मित्राच्या लॅमिनेशनच्या दुकानात जागा बघून ठेवली आहे. आत्या, त्या दुकानात सगळंच प्लॅस्टिकमध्ये बंद होतं. आधारकार्ड, मार्कशीट, देवांचे फोटो. पाण्याचा थेंब आत जाणार नाही याची तिथे गॅरंटी देतात. मी एक दिवस जाऊन बसलो आणि मला उगाचच वाटलं की संध्याकाळी मलाही मशीनमधून काढतील. शेवटी आईने मधे पडून तडजोड केली. पप्पा म्हणाले, “माझ्या डोळ्यांसमोर एकदा, फक्त एकदा, उलटा होऊन सरळ वर ये. मग जा कोलाडला. नाहीतर एक तारखेपासून दुकान.”

जून महिन्यापासून मी आमच्या बिल्डिंगमागच्या तळ्यात प्रयत्न करत होतो. शिकवायला शेडमधली संचिता येते. ती माझ्या खांद्याएवढी आहे, पण उलटते कधी आणि वर येते कधी ते कळत नाही, केस विंचरून आल्यासारखी वर येते. माझं दरवेळी एकच चुकायचं. पाण्याखाली गेलो की घाबरून आधी डोकं वर काढायचो, आणि डोकं वर आलं की होडी परत खाली. मग पट्टे सोडून बाहेर पडायचं, पोहत काठावर यायचं आणि होडी पालथी करून पाणी काढायचं. संचिता ओरडायची, “अरे, डोकं का उचलतोस? आधी गुडघा, मग कंबर, डोकं एकदम लास्ट! डोकं कुठे पळून जात नाहीये तुझं!” समजत होतं सगळं. पण माझ्या डोक्याला पाण्याखाली समजावणार कोण? काठावर सकाळी फिरायला येणारे आजोबा लोक मला आता नावाने ओळखतात. एकाने तर मला डुबक्या मारायचा नवस आहे असं समजून, कुठल्या देवाला बोललास, म्हणून विचारलं.

आता विसर्जनाचा दिवस. तुझ्या ऑपरेशनमुळे यंदा तुझा दीड दिवसाचा गणपती आमच्याकडे बसला. नैवेद्य, आरत्या, जागरण सगळं यथासांग झालं. (उकडीचे मोदक आईचे फुटले, पण ते तिने तुला सांगितलं नसेल, तर तूही विचारू नकोस.) संध्याकाळी आम्ही तळ्यावर गेलो. मंडळाचा तराफा मूर्ती मधे खोल पाण्यात नेतो, तो त्या दिवशी जलपर्णीत जाऊन असा अडकला की पुढे जाईना आणि मागेही येईना. त्यावरचे दोघे स्वयंसेवक आणि एका घरचे काका तिथूनच हात हलवत होते. काठावर रांग वाढत गेली. शेवटी मंडळाच्या गोविंदाने माइकवरून पुकारा केला, “प्रीतम भाई, तुझी होडी आण रे! बाप्पा थांबलेत!”

पप्पा म्हणाले, “त्या होडीत? ताईचा गणपती? मी मेल्यावर.” पण अंधार पडायला लागला होता, पाट धरून त्यांचे हात भरून आले होते आणि मागची माणसं ‘चला हो, चला हो’ करत होती. तेव्हा त्यांनी गळ्यातला शेला काढला, मूर्ती माझ्यासमोर होडीत ठेवली आणि मधल्या आडव्या दांडीला बांधली. एक गाठ नाही, गाठींवर गाठी. “हा उलटणारच,” ते आईला म्हणाले, मला ऐकू येईल असं.

आत्या, मी इतका जपून वल्हवत होतो की काठावरून कुणीतरी ओरडलं, “अरे, पोचेपर्यंत पुढचं वर्ष उजाडेल!” मधोमध पोचलो. आता मूर्ती सोडवून पाण्यात ठेवायची. गाठी सोडायला पुढे वाकलो, गाठ काही सुटेना, आणखी वाकलो, थोडा डावीकडे झुकलो. आणि तीन महिने अंगाला जे शिकवलं होतं ते अंगाने केलं. बाप्पासकट उलटलो.

पाण्याखाली डोळे उघडले तर समोर बाप्पा. तेही उलटे, मीही उलटा, म्हणजे एकमेकांना आम्ही सरळच दिसत होतो. नेहमीप्रमाणे हात पट्टा सोडायला गेला. तेवढ्यात लक्षात आलं की मी बाहेर पडेन, पण बाप्पा पप्पांच्या गाठींत तसेच लटकत राहतील, आणि तुला मी काय तोंड दाखवू? तू फोनवर म्हणाली होतीस, “माझ्या बाप्पाला काही कमी पडू देऊ नका रे.” हात मागे घेतला. दुसरं काही सुचेना म्हणून मी क्षमा मागितली. कपाळ खाली घातलं, अगदी दांडीला टेकेपर्यंत, आणि तसंच टेकवून ठेवलं. वल्हं फिरलं, गुडघा वर आला, कंबर वळली आणि होडी सरळ झाली. माझं डोकं सगळ्यात शेवटी वर आलं, कारण ते नमस्कारात होतं.

 मी गुदमरलेला, कमरेपर्यंत पाण्यात, समोर बाप्पा ओले पण जागेवर. मला वाटलं, आता लोक मारतील. आणि गोविंदा माइकवर म्हणाला, “एक!”

सगळा काठ ओरडला, “मोरया!”

तेव्हा मला कळलं. विसर्जनाला मूर्ती तीन वेळा बुडवतात. लोकांना वाटलं, ही माझी पद्धतच आहे. आता मधेच कसं सांगणार की हा अपघात होता? शंभर माणसं आणि एक माइक पुढच्या आकड्यासाठी थांबले होते. मी बाप्पांना म्हटलं, तुम्हीच बघा आता. कपाळ टेकवलं आणि उलटलो. “दोन!” परत उलटलो. “तीन!” तिसऱ्यांदा वर येताना समोर बघितलं तर शेला होता, गाठी होत्या, सगळ्या जशाच्या तशा, आणि बाप्पा नव्हते. शाडू मऊ झाला होता. ते स्वतःच हलकेच निसटून गेले होते. आत्या, मी हे तुला खूश करायला लिहीत नाही.

काठावर आलो तर दोन बायकांनी माझ्या पाया पडायचा प्रयत्न केला. गोविंदाने पुढच्या वर्षीसाठी नावं लिहून घ्यायला सुरुवातही केली. मी फक्त पप्पांकडे बघत होतो. तीन वेळा झालं होतं, एकदाच सांगितलेलं असताना. पप्पांनी शेला पिळला, खांद्यावर टाकला आणि म्हणाले, “मी डोळे मिटून हात जोडले होते. मला काही दिसलं नाही.” आणि घरी चालू लागले. तेव्हापासून दुकानाची तयारी चालू आहे. आईमार्फत मला दोन पांढरे शर्ट मिळाले आहेत.

तर तुझ्या बाप्पाला काही कमी पडलं नाही, हे सांगायला एवढं लिहिलं. उलट एक माणूस त्यांच्याबरोबर तिन्ही वेळा खाली जाऊन आला, हे दुसऱ्या कुणाच्या गणपतीला मिळालं नसेल. रागावली असशील तर राग धर, पण माझं नाव निघाल्यावर फोन ठेवू नकोस.

गुडघ्याला जपणारी तू आणि तुला जपणारी माणसं, सगळ्यांना माझा नमस्कार.

तुझा,
प्रीतम

ता. क. पत्र पाकिटात घालणार होतो, तेवढ्यात पप्पांनी आईमार्फत त्यांचा मोबाईल पाठवला. जागा भरली आहे, नको ते काढून टाक, म्हणून. त्यात विसर्जनाचा व्हिडिओ सापडला. पप्पांना माझा काढायचा होता, पण कॅमेरा उलट्या बाजूचा चालू राहिला. त्यामुळे त्यात मी नाही, तळं नाही, फक्त पप्पांचा चेहरा आहे, खालून, हनुवटीकडून. डोळे सताड उघडे.  मग पुटपुटतात, “वर ये. ये रे. वर ये, राजा.” मग एकदम, “आला! अगं, आला!” त्यांनी मला राजा कधी म्हटलेलं आठवत नाही. आणि पुढचं, “दोन!”, ते गोविंदाच्या आधी ओरडले आहेत. तिसऱ्याला नुसते डोळे आणि नाक पुसतात. मी जागा करायला गुड मॉर्निंगची फुलं काढून टाकली, हा ठेवला. पण आत्या, मी त्यांना तो दाखवू शकत नाही. त्यांचा रडलेला चेहरा त्यांच्यासमोर मी कसा धरू? ते तूच करू शकतेस, मोठी बहीण म्हणून. २८ तारखेच्या आत दोन दिवस ये. पाय लांब करून बसता येईल अशी गाडी घेऊन मी स्वतः नाशिकला येतो. पत्र खरं तर यासाठीच.

ता. ता. क. आणखी एक, हे क्षिप्राताईलाही सांगू नकोस. त्या दिवसानंतर मला ते एकदाही जमलेलं नाही. संचिता म्हणते, समोर वजन होतं म्हणून झालं असेल. म्हणून नारळ बांधून बघितले. मग तांदळाची पिशवी बांधून बघितली. (तांदूळ भिजले. आम्ही चार दिवस इडली खातोय.) परीक्षेचं माझं मी बघेन, अजून वेळ आहे. तू फक्त एवढं कर, व्हिडिओ दाखवलास की लगेच पप्पांकडून कोलाडसाठी हो म्हणवून घे. मधे श्वास घ्यायला थांबू नकोस, नाहीतर ते म्हणतील, “ठीक आहे, चल तळ्यावर, आता नीट बघतो.”